कोणाचे दहा?

मी एक जुने, भिंतीवरचे घड्याळ आहे. अदिस अबाबाच्या बाजारात येशीमबेतने मला घेतले. तुरुंगाच्या भीतीने देश सोडावा लागला, तेव्हा शालीत गुंडाळून तिने मला अमेरिकेत आणले.

मित्रांनो, आमच्याकडे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. सूर्य वर येऊन तास झाला की एक वाजला! इथली माणसे मध्यरात्रीपासून मोजतात, झोपेतले तासही हिशेबात धरतात. येशीमबेतने मला इथल्या सूर्याला लावले, पण मोजणी आमचीच ठेवली. "एवढं तरी आपलं राहू दे," म्हणायची. कॉफीला आलेले पाहुणे कौतुक करत आणि मी फुशारून जात असे.

मग आश्रयाच्या अर्जाची वेळ आली. येशीमबेतचे इंग्रजी कच्चे, म्हणून कचेरीचा फोन शेजारच्या मुलुगेता गाशेंनी घेतला. गाशे म्हणजे वडीलधारे. "पोरी, शुक्रवारी दहापर्यंत कागद दे," त्यांनी सांगितले. कामावर ती इथली वेळ पाळत असे. पण आपल्या माणसाने आपल्या भाषेत सांगितलेले दहा आपलेच, असे तिने धरले. माझे दहा म्हणजे इथले दुपारचे चार. ती वेळेआधी पोचली, तर खिडकी सकाळीच बंद झालेली. तिला अमेरिका सोडण्याचा हुकूम निघाला.

"गाशे, कोणाचे दहा सांगितलेत?"

"अगं, त्यांनी सांगितले तेच! त्यात कोणाचे-बिणाचे काय?"

तिने मला उतरवून पिठाच्या पोत्यामागे टाकले. वकील बदलले, घरे बदलली. ती लपतछपत राहिली. मी मुकाट्याने धूळ खात होते. माझीच चूक का, हा प्रश्न मात्र मला स्वस्थ बसू देईना.

मग एके दिवशी हिरुत नावाची वकील आली, आमच्यातलीच. "मुदत चुकली, खरंय. पण का चुकली हे कोणी विचारलंच नाही. खटला पुन्हा उघडायला सांगू. घड्याळ कुठंय? आणि गाशे, तुम्ही साक्ष द्यायची."

"न्यायाधीश मला हसतील गं."

"हसू देत. तिला परत पाठवण्यापेक्षा बरं!"

कोणाचे दहा ते आपण सांगितलेच नाही, अशी गाशेंनी मान खाली घालून साक्ष दिली. मलाही पुरावा म्हणून टेबलावर ठेवले होते. निकाल अजून आलेला नाही. दारावर थाप पडली की येशीमबेत आधी दिवा मालवते. मला वाटते, भराभर पळावे. पण घड्याळाला घाई करता येत नाही.

मित्रांनो, घड्याळे पुसा, त्यांना वेळेवर किल्ली द्या. आणि कोणी उशिरा आले, तर दार लावण्याआधी एवढे विचारा: बाई, तुमच्या घड्याळात किती वाजलेत?