क्लासेस जोरात

माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय आणि उजव्यात होऊ घातलाय. फोडणीतली मोहरी मला आता फक्त ऐकू येते. शस्त्रक्रियेचे पैसे सरकारी मेडिसेव्ह खात्यातून भरता येतात, पण आमची दोघांची खाती कोरडी ठणठणीत. इथे सिंगापुरात आंग मो किओच्या कारखान्यातली नोकरी गेल्यापासून माझ्या नवऱ्याने, निशिकांतने, तिथे फारसं काही भरलं नव्हतं.

म्हणून आमची सगळी भिस्त वर्कफेअरवर होती. कमी कमावणाऱ्या नागरिकांना सरकार ही मदत देतं. स्वतःचं काम असेल तर २००८ सालची मिळकत जाहीर करायची, आपला वाटा भरायचा, मग मदत मेडिसेव्हमध्ये जमा. मिळकत महिन्याला दीड हजार डॉलरच्या आत हवी. निशिकांत गणिताच्या शिकवण्या करायला रोज बुकित पंजांगला जायचा आणि महिन्याला आठशे माझ्या हातावर ठेवायचा. आम्ही नियमात अगदी चपखल बसत होतो.

फॉर्म भरायला चारुदत्त आला. निशिकांतचा कॉलेजातला मित्र, इथे बँकेत अकाउंटंट. वर्कफेअरचं त्याला सांगायची आम्हाला लाज वाटली, नुसता टॅक्सचा फॉर्म आहे म्हणालो. पोहे दोनदा घेऊन त्याने पेन काढलं आणि महिन्याची मिळकत विचारली.

"क्लासेस जोरात आहेत," निशिकांत म्हणाला. "बावीसशे लिही."

मी दारातच उभी होते. परक्यासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. मी चहा हवा का विचारलं. त्या चहाचा मला आजही राग येतो.

दोन महिन्यांनी पत्र आलं. मिळकत जास्त, मदत नाही. वर बावीसशेच्या हिशेबाने मेडिसेव्हचा वाटा भरा. मी तोंडाचा पट्टा सोडला. खोटेपणाची हौस होती तर पाच हजार तरी सांगायचे होते, म्हणाले.  दुसऱ्या दिवशी त्याला धरूनच कार्यालयात नेलं. काउंटरवरच्या मुलीने दुरुस्तीचा फॉर्म दिला. खरा आकडा लिहा, विद्यार्थ्यांची नावंही लिहा, असं सांगितलं.

निशिकांत पेन धरून नुसता बसला.

"लिही ना आठशे," मी म्हटलं.

"मुलं नाहीत," तो म्हणाला. "शेवटचा मुलगा २००७च्या दिवाळीत सोडून गेला."

"मग रोज जातोस कुठे?"

"लायब्ररीत बसतो."

आठशे कुठून येतात, हे मी विचारलं नाही. तरी त्याने सांगितलं, की एफडी मोडली आणि आता दोन महिन्यांपुरते उरलेत. मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही.

मिळकत शून्य असेल तर काय, असं मी त्या मुलीला विचारलं. तिने फार हळुवारपणे समजावलं, की ही मदत काम करणाऱ्यांसाठी आहे, वर्षभर कामच नसेल तर काही मिळणार नाही. म्हणजे खोटं सांगून आम्ही जास्तीचे ठरलो होतो आणि खरं सांगून कमी पडत होतो. निशिकांतने आकडा लिहिला. मी कागद नाकाला लावून वाचला. मास्तरांच्या अक्षरातलं गोल, सुबक शून्य होतं.

तोआ पायोहच्या बसस्टॉपवर त्याचा फोन वाजला. चारुदत्त होता, इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं. त्याच्या मुलीचं गणित कच्चं आहे, ऑफिसातल्या आणखी दोघांची मुलं आहेत, फी म्हणशील ती देऊ, तूच शिकव.

मी निशिकांतचा दंड घट्ट धरला.

"अरे, मला आवडलं असतं," तो म्हणाला. "पण बॅच फुल आहे."