खारट सूप

कारखान्याच्या कँटीनमध्ये त्याला सगळे मामा म्हणत. मामाच्या हाताला अशी चव, की घरून डबा आणणाऱ्यांनीही डबे बंद केले होते. असा माणूस हिवाळा सरता सरता एका दुपारी घरी आला, एप्रन खुर्चीवर टाकला आणि म्हणाला, "सोडली नोकरी. कंटाळा आला."

बायको दुसऱ्या एका कारखान्याच्या शिवणखात्यात कापड बेतायची. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून यायच्या, आणि मुळात जिभेला हाड नव्हतं. "मी मरमर मरते आणि इथे आयत्या बिळावर नागोबा!" असं ती बहिणीला फोनवर सांगायची, तो त्याच खोलीत असताना. तो मुकाट भांडी घासायचा, कपडे वाळत घालायचा. गॅसकडे मात्र फिरकायचा नाही. तिला वाटलं, रुसलाय.

पण उन्हाळ्याअखेर त्याचा वाढदिवस आला, आणि वाढदिवस तो वाढदिवस. तिने रजा टाकली आणि दोघं सकाळीच तलावावर गेली. मामाने वल्ही हातात घेतली आणि होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली.

"अहो, होडी वल्हवताय की कढई ढवळताय?"

तोही हसला. दुपारी झाडाखाली तिच्या पर्सवर डोकं ठेवून त्याने झोप काढली. संध्याकाळी दोघं त्या पांढऱ्या टेबलक्लॉथच्या हॉटेलात शिरली. आजवर त्याच्या काचेतून नुसतं आत डोकावलं होतं.

सूप आलं. मामा चमच्यामागून चमचा पीत म्हणाला, "झकास!"

तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. नुसतं मीठ! तेवढ्यात वेटर लगबगीने आला. "माफ करा, आत मीठ दोनदा पडलंय. दुसरं आणतो." त्याने वाट्या उचलल्या. मामाची जवळजवळ रिकामी होती.

"तुम्हाला कळलं नाही?"

तो रुमालाची घडी सारखी करत बसला. मग म्हणाला, "हिवाळ्यात ताप आला होता ना, त्यात वास यायचा गेला. मागोमाग चवही. कँटीनमध्ये अंदाजाने मीठ घालत होतो. एक दिवस माणसांनी ताटं तशीच ठेवली. कुणी चकार शब्द काढला नाही, तेच मनाला लागलं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगणारच होतो त्या दिवशी. एकदम जमेना, म्हणून आधी कंटाळा म्हणालो. वाटलं, तू विचारशील. तू म्हणालीस, कंटाळा यायला तुम्ही संस्थानिक लागून गेलात का? मग राहूनच गेलं."

तिला आठवलं. ते वाक्य तिला इतकं आवडलं होतं, की तिने ते बहिणीलाही ऐकवलं होतं. दूध करपत असताना तो शेजारी पेपर वाचत बसला, तेव्हा आपण घर डोक्यावर घेतलं होतं, तेही आठवलं.

जेवण आलं. ती ताटातलं नुसतं चिवडत राहिली. तो मात्र तिने मागवलेलं सगळं नीट जेवला. "मासा मऊ आहे," म्हणाला. "पाव मस्त कुरकुरीत." एवढंच त्याला कळत होतं.

पुढच्या आठवड्यात तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं.

"यावर उपाय असतात, पण जितके लवकर, तितके बरे," डॉक्टर म्हणाले. "इतके महिने का थांबलात?"

"कामाच्या गडबडीत राहिलं," मामा चटकन म्हणाला. काम कुठलं होतं त्याला? ती पर्सची चेन उघडत-मिटत राहिली.

रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, "खोटं का बोललात?"

"मग काय सांगू? बायको बोलते म्हणून?" तो थट्टेने म्हणाला. तिला हसू आलं नाही.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती रोज सकाळी लवंग, लिंबाची साल, साबणाची वडी एकेक करून त्याच्या नाकाशी धरते. तो डोळे मिटून लांब श्वास घेतो.

"आलं काही?"

"आज नाही," तो म्हणतो. रोज तेच म्हणतो, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तिच्या हातावर थोपटतो.