ट्रायलची निळी चप्पल

मित्रांनो, मी एक जुनी निळी स्लिपर आहे. डाव्या पायाची. माझी गोष्ट सांगताना मान खाली घालावी असं फार वाटतं, पण मला मान नाही आणि मी आधीच जमिनीवर आहे. याच्या खाली जायला जागा उरलेली नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी बाजारात एका दोरीला उलटी लटकत होते आणि शेजारी माझी उजवी बहीण होती. शिवम्मा नावाच्या बाईंनी आम्हाला घेतलं ते मोरीसाठी. प्रत्येक चपलेचं एक स्वप्न असतं. कुणाला सभेच्या स्टेजवर जायचं असतं, कुणाला नवरीच्या पायात. आम्ही साबणाच्या पाण्यात उभ्या राहून दुसऱ्यांच्या अंघोळी ऐकल्या.

शिवम्माचे यजमान म्हणजे भीमाशंकर अप्पा. मांजरसुंब्याच्या चौकात त्यांचं मोटारसायकलींचं दुकान आहे. एका कंपनीचं नाही, सगळ्यांचं. पत्र्याचं शेड, दारात कडुलिंब, लिंबाखाली बाकडं. सकाळी कपाळाला विभूती लावल्याशिवाय अप्पा शटर वर करत नाहीत आणि गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय गाडीचं नाव काढत नाहीत. चहा झाला की त्यांचा एकच प्रश्न असतो, "मागं कोण बसणार?"

गिऱ्हाईक गोंधळतं. ते मायलेज विचारायला आलेलं असतं. पण अप्पांचं म्हणणं असं, की चालवणारा कशावरही बसतो. तो पोरगा असतो, त्याला अक्कल नसते. गाडी घ्यायची ती मागं बसणाऱ्याच्या गुडघ्याकडं बघून. मग ते स्वतः स्टूल आणून ठेवतात आणि पोराच्या आईला नऊवारीसकट मागच्या सीटवर चढवतात. आई म्हणाली "बरं वाटतंय", की गाडी ठरली. आई गप्प बसली, की दुसरी गाडी.

शिरूर कासारकडची माणसं ऊसतोडीला गेली, की आपल्या गाड्या अप्पांच्या शेडात ठेवून जातात. अप्पा रोज सकाळी एकेक गाडी चालू करतात, कानोसा घेतात, बंद करतात. पडून राहिली की गाडी रुसते म्हणे. शिवम्मा म्हणतात, माझी एवढी विचारपूस केली असती तर मी माहेरी कमी गेले असते.

पुढं हायवेला एक काचेचं शोरूम झालं. आत इतकं गार, की माणूस गाडी बघायला जायचा आणि स्वेटर घ्यावा का असा विचार करत बाहेर यायचा. तिथं ट्रायल म्हणजे आधी आधार कार्ड, मग मागं वॉचमन बसवून खांबाला एक फेरी. वॉचमन उतरला की ट्रायल संपली.

अप्पांची ट्रायल वेगळी. त्यांनी एक लाल गाडी त्यासाठीच ठेवली होती. ती घरी न्यायची. रात्रभर दारात उभी करायची, आईला बसवायचं, शेजाऱ्याला दाखवायची, म्हशीलासुद्धा दाखवायची, कारण म्हैस बिचकली तर रोजचा त्रास. दुसऱ्या दिवशी परत आणायची. कागद नाही, सही नाही. फक्त पायातलं दुकानात ठेवून जायचं. हा नियम अप्पांच्या वडिलांनी सायकली भाड्याने देताना घातला. माणूस पत्ता खोटा सांगेल, पण स्वतःची चप्पल कुणी सोडून जात नाही.

नियम उत्तम होता. फक्त पहिलाच माणूस वैशाखात अनवाणी गेला आणि सायलेन्सरला पाय लावून बसला. त्याचा आवाज ऐकून शिवम्मांनी मोरीतून आम्हाला बाहेर काढलं. "ह्या घालून जा म्हणावं." अशी आमची बढती झाली. मोरीतून थेट मोटारसायकलवर. आमच्या जातीत एवढी प्रगती कुणी केलेली नाही.

मग आम्ही जिल्हा पाहिला. मोठे पाय पाहिले, भेगांचे पाय पाहिले, एक तर सहा बोटांचा पाहिला, त्याच्याविषयी मी बोलणार नाही. एकदा उजवीचा पट्टा तुटला. अप्पांनी दुसऱ्या चपलेचा पिवळा पट्टा काढून तिला बसवला, वर एक पिन. तेव्हापासून आम्ही निळ्या-पिवळ्या. चौकात कुणीही आमच्याकडं बघून म्हणायचं, "काय बे, ट्रायल हाय व्हय?" तेवढं ओळखलं जाणं आम्हाला पुरेसं होतं.

पण मित्रांनो, चौकाच्या बाहेर आम्हाला कोण ओळखतं? हे काही हुशार पोरांच्या लक्षात आलं. ट्रायलची गाडी घेऊन ते मुलगी बघायला जायला लागले.

मी दारात काढून ठेवायची वस्तू आहे. आत काय चालतं ते मला फक्त ऐकू येतं. तलवाड्याच्या एका घराबाहेर मी बजरंग नावाच्या पोराच्या पायातून उतरले तेव्हा आतून ऐकलं, की गाडी त्याने पाडव्याला घेतली. मी उजवीकडं बघितलं. उजवीने माझ्याकडं बघितलं. पाडव्याला आम्ही दुकानात बाकड्याखाली होतो. ते लग्न जुळलं नाही, म्हणून मीही विसरून गेले.

महिन्याभराने गहिनीनाथ आला. शिरूर कासारचा, बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा, अंगाने सडपातळ आणि बोलायला त्याहून सडपातळ. गाडी त्याला खरंच घ्यायची होती. त्याच्या बापानेही आपली जुनी गाडी इथूनच नेलेली. त्याने आपले काळे बूट पुसून काऊंटरखाली ठेवले, आम्हाला घातलं आणि घरी निघाला. वाटेत त्याचे धुळाजीमामा मागं बसले आणि म्हणाले, घरी उद्या जाऊ, आज एक मुलगी बघून टाकू. गाडी हायच.

गाडी थांबली आणि मी उंबऱ्यापाशी उतरले. दाराची कडी ओळखीची होती. बाहेरचा रांजणही ओळखीचा होता. मित्रांनो, तेच घर.

मी उजवीच्या मागं लपायचा प्रयत्न केला. पण चपलेला पाय नसतो, हा तिच्या आयुष्यातला मोठाच विनोद आहे.

त्या घरच्या छबुबाई पाणी द्यायला बाहेर आल्या. त्यांची नजर उंबऱ्यावर गेली, मग गाडीवर गेली, मग पुन्हा उंबऱ्यावर आली. त्यांनी तांब्या खाली ठेवला, दोन बोटांत माझा पट्टा धरला आणि मला आत नेलं. मी जन्मात कुणाच्या बैठकीत गेले नव्हते. त्यांनी मला थेट पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं. शेवेचा एक कण माझ्यावर पडला. मेले असते, पण आम्ही मरत नाही, नुसत्या झिजतो.

"पाव्हणं, ही चप्पल कुणाची?"

"पोराची," मामा म्हणाले. "कावून?"

"आन गाडी?"

"गाडीबी पोराचीच. पाडव्याला घेतली."

"मंग मागल्या म्हैन्यात बजरंग म्हणून एक पोरगा हीच चप्पल घालून, हीच गाडी घेऊन आलता. त्यो तुमचा कोण?"

मामांनी पोह्याचा घास गिळला आणि विचार करून म्हणाले, "चुलतभाऊ असंल."

गहिनीनाथची मान इतकी खाली गेली, की आमची नजरानजर झाली. "काकी," तो म्हणाला, "गाडी माझी न्हाई. मांजरसुंब्याच्या भीमाशंकर अप्पाची ट्रायलची हाय. चप्पलबी त्यांचीच."

"मंग तुझं काय हाय?"

त्याने स्वतःकडं खालपासून वर बघितलं. "शर्ट हाय."

धुळाजीमामा खोकले. शर्ट त्यांच्या पोराचा होता.

आतल्या दाराआड कुणीतरी हसलं आणि लगेच हसू दाबलं. ती राजनंदिनी, जिला बघायला हे सगळे आले होते. छबुबाई हसल्या नाहीत. पाहुण्यांना त्यांनी वाटेला लावलं आणि मला ठेवून घेतलं. गहिनीनाथ उजव्या पायात उजवी घालून, डाव्या पायाने अनवाणी गिअर टाकत गेला. प्रत्येक गिअरला तो "स्स" करत होता. ते मला बराच वेळ ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी छबुबाईंनी मला पेपरात गुंडाळलं आणि लेकीला घेऊन एसटीने मांजरसुंब्याला आल्या. पेपरात माझ्या तोंडावर कुणातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात होती. दोघंही एकमेकांना चिकटून अवघडलो.

दुकानात चहाची वेळ होती, म्हणजे बाकडं भरलेलं होतं. एका टोकाला गहिनीनाथ बसला होता. गाडी धुऊन उभी केलेली, उजवी त्याच्या हातात, आणि कालचं अप्पांना कसं सांगावं हे त्याला अजून सुचलेलं नव्हतं. ते काम छबुबाईंनी केलं. मला काऊंटरच्या काचेवर ठेवून त्या म्हणाल्या, "अप्पा, तुमी गाड्या इकता का नवरदेव?"

बाकड्यावरचे सगळे आपापल्या कपात बघायला लागले.

छबुबाईंनी सगळं सांगितलं. बजरंगचं सांगितलं, पाडव्याचं सांगितलं, चुलतभावाचं सांगितलं. त्यांच्या लेकीला बघायला एकच गाडी दोनदा आली, हे गावात कळलं तर लोक काय म्हणतील, हेही सांगितलं. भीमाशंकर अप्पा ऐकत होते. ज्या माणसाला मी कधी कुणापुढं नजर चुकवताना पाहिलं नव्हतं, तो काचेवरच्या माझ्याकडं बघत उभा राहिला. मला लाज वाटायची सवय आहे, मित्रांनो. अप्पांना नव्हती. त्यांना ती जमतच नव्हती. ते उगीच माझ्यावरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले.

"माय, गाडी घरी दाखवाया देतो मी," ते शेवटी म्हणाले. "ती कुणाच्या घरी जाती ते कधी इचारलं न्हाई. चूक माझीच हाय. आजपासून ट्रायल बंद."

आणि शिवम्मांना हाक मारून म्हणाले, ह्या दोन्ही मोरीत नेऊन ठेव.

शिवम्मा आल्या, पण त्यांनी आम्हाला उचललं नाही. त्यांनी छबुबाईंच्या हातात चहा दिला. गहिनीनाथ उठून काऊंटरपाशी आला आणि बहुतेक आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "अप्पा, माझ्यापायी बंद करू नका, माझे बूट ठिवून घ्या कायमचे, पर दुसऱ्याला गाडी देत जा." अप्पांनी मान हलवली. नाही म्हणून.

छबुबाई चहा पीत शेडात बघत होत्या. तिथं ओळीने गाड्या उभ्या होत्या, कुणाच्या हँडलला देवाचा गंडा, कुणाच्या आरशाला लेकराची टोपी. त्यांनी शिवम्मांना विचारलं, ह्या विकायच्या का? शिवम्मा म्हणाल्या, न्हाई, ऊसतोडीला गेलेल्यांच्या हायत. रोज चालू करून ठिवत्यात हे. छबुबाईंनी विचारलं, त्याचं काय मिळतं? शिवम्मा म्हणाल्या, आलं की गुळाची ढेप देत्यात. मला गूळ चालत न्हाई. छबुबाई चहा सावकाश प्यायला लागल्या.

तेव्हा राजनंदिनी पहिल्यांदा बोलली. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. लसींचा डबा मांडीवर घेऊन काळी-पिवळी जीपची वाट बघण्यात तिचा निम्मा दिवस जातो.

"अप्पा, बंदच करायची तर एक ट्रायल मला देऊन बंद करा."

अप्पांची मान खालीच होती. पण आयुष्यभराची सवय लाजेपेक्षा जुनी असते. खाली बघतच त्यांनी विचारलं, "मागं कोण बसणार?"

राजनंदिनीने आईकडं बोट केलं.

"मी न्हाई बसत," छबुबाई म्हणाल्या. "आन तुला कुठं येती चालवाया?" तेव्हा कळलं, की राजनंदिनी उपकेंद्रामागच्या मैदानात डॉक्टरांच्या गाडीवर केव्हाच शिकली होती. छबुबाईंना एका दिवसात किती गोष्टी कळाव्यात याला काही मर्यादा. तेवढ्यात अप्पांनी स्टूल आणून ठेवलं होतं. आपण ट्रायल बंद केली आहे हे ते विसरले होते, की त्यांचे हात विसरले होते, मला माहीत नाही.

छबुबाई स्टुलावर चढल्या, बसल्या, पदर खोचला. अख्खं बाकडं त्यांच्या तोंडाकडं बघत होतं.

"बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. मग खाली उतरून आपल्या वहाणा काढल्या आणि लेकीच्या सँडलशेजारी ठेवल्या. "माझ्याबी ठिवा. ट्रायल दोघींची हाय. आन अप्पा, बंद करू नका. गाडीवर नाव लिवा तुमचं. मोठं. मंग बघू कोण मिरवतंय."

अप्पांनी मान वर केली.

आता पेच असा, की पाय चार आणि आम्ही दोघी. डावी म्हणून मी राजनंदिनीच्या पायात गेले, कारण गिअरचा पाय तो. उजवी गहिनीनाथच्या हातात होती. त्याने ती वाकून छबुबाईंच्या पायाशी सरळ करून ठेवली. "काकी, पिन टोचंल, बेतानं."

छबुबाईंनी त्याच्याकडं बघितलं. "फुडच्या बारीला मामाला आणू नको," त्या म्हणाल्या. "आन स्वतःच्या पायातलं घालून ये. चालत आला तरी चालंल."

पुढच्या बारीला तो तलवाड्याला कधी निघाला, त्याला कुणी सोडलं, की चालत गेला, हे मी सांगू शकत नाही. तो आपले बूट घालून गेला आणि बुटांशी आमचं बोलणं नाही.

ट्रायल चालू आहे. लाल गाडीच्या टाकीवर आता पांढऱ्या रंगात 'भीमाशंकर अप्पाची, बघायला आणलेली' असं लिहिलं आहे. रंग उरला म्हणून अप्पांनी माझ्यावरही 'अप्पा' लिहिलं. त्यामुळे आता मी पायाखाली अप्पांचं नाव घेऊन फिरते, ही नवीन लाज आहे. राजनंदिनीने गाडी घेतली. ट्रायलवर मुलगी बघायला जाणारी पोरं आता उंबऱ्यावरच सांगतात, की गाडी आपली नाही. काहींची लग्नं तरीही जुळली.

तेव्हा मित्रांनो, एवढंच सांगते. मागून आणलेली वस्तू लाजेची नसते. ज्याची आहे त्याचं नाव पुसलं की ती लाजेची होते. कुणी विश्वासाने काही दिलं, तर ते त्याच्या नावासकट वापरा, धूळ पुसून परत करा. आणि कुणाच्या दारात एक निळी आणि एक पिवळ्या पट्ट्याची चप्पल उलटी पडलेली दिसली, तर सरळ करून ठेवा. उलट्या चपलेने घरात भांडण होतं म्हणतात. आत कुणाचं तरी जुळत असेल.