गुरुवारचं मीठ-साखरेचं पाणी

आम्ही साठ विद्यार्थी काय खातो आणि आमच्या अंगात चरबी किती, स्नायू किती, हे विद्यापीठाला जाणून घ्यायचं होतं. आठवडाभर पोटात गेलेलं सगळं वहीत लिहायचं, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी यंत्रावर अनवाणी उभं राहायचं आणि दहा गुण पदरात पाडून घ्यायचे.

आता रोजच्या रोज लिहितंय कोण! शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, वर्गातल्या टॉपरबाईंची वही आमच्या हाती लागली. बाई आजारी होत्या, म्हणून त्यांनी ती मैत्रिणीबरोबर पाठवली होती. कँटीनमध्ये मावशींच्या तळलेल्या बटाट्यांवर ताव मारत आम्ही एकोणसाठ जणांनी ती उतरवून काढली. काकडी, सफरचंद, उकडलेल्या भाज्या. लिहिता लिहिता मला स्वतःबद्दल आदर वाटायला लागला. गुरुवारच्या पानावर होतं, ‘पोट बिघडलं. दिवसभर मीठ-साखरेचं पाणी.’ आम्ही तेही इमानेइतबारे उतरवलं.

सोमवारी सरांनी वह्या वाचल्या आणि त्यांना घाम फुटला. साठच्या साठ पोटं एकाच दिवशी बिघडलेली! दुपारी कँटीनला कुलूप लागलं. टॉपरबाई घरचा डबा खातात, मग त्यांचं पोट कँटीनने कसं बिघडलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

बुधवारी भर वर्गात चौकशी झाली. अठरा वर्षं कँटीनमध्ये पोरांना जेवू घालणाऱ्या मावशी सरांच्या टेबलासमोर उभ्या होत्या. त्यांची नोकरी जायची वेळ आली होती.

“साहेब, गुरुवारी बटाटे दोनदा तळावे लागले. हीच पोरं परत रांगेत उभी होती.”

“वह्यांमध्ये तसं नाही.”

“मग यंत्राला विचारा. पोट बिघडलेल्या माणसाचं वजन वाढतं होय?”

सरांनी आकडे पाहिले. शुक्रवारी यंत्रावर उभ्या राहिलेल्या सगळ्यांचं वजन वाढलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, “हे नवीनच आहे,” असं पुटपुटले आणि उत्साहाने टिपून घेतलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांच्या नाड्यांकडे पाहिलं. दहा गुण काही थोडे नव्हते. पण लाज अशी वाटली की बसवेना.

“सर, माझं पोट ठणठणीत होतं. वही उतरवलेली आहे. सगळ्यांनीच उतरवली.”

सरांनी वर्गाला विचारलं, “खरं आहे?”

अठ्ठावन्न माना खाली गेल्या. टॉपरबाई अजून रजेवरच होत्या. सरांनी माझी वही बाजूला काढली, तिच्यावर लाल फुली मारली आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

“एक खोटा निघाला. बाकीचा अभ्यास आता निर्दोष झाला.”

मावशींना त्याच दिवशी काढलं. फाटकापाशी त्या पिशवी घेऊन उभ्या होत्या. मी माफी मागायला त्यांच्यापाशी गेलो.

“सकाळपासून काही खाल्लंस का?” त्यांनी विचारलं.

“हो मावशी. पोटभर.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, पिशवीतून स्वतःचा डबा काढला आणि त्यातलं अर्धं झाकणात काढून माझ्यापुढे धरलं.