वारा नव्हता त्या दिवशीचा सांधा

रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास सार्मिएन्तोकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनी निळी फोर्ड पिकअप वळणावर उलटली. शेजारच्या सीटवर बसलेला उलिसेस बारिया जागीच गेला. गाडी चालवणारा त्याचा मित्र दारिओ ओयार्सो याला बेशुद्धावस्थेत कोमोदोरो शहराच्या इस्पितळात आणलं.

दोघे मेंढीचं मांस भाजायला एका मित्राच्या मळ्यावर निघाले होते. जाळीची शेगडी आणि कोळशाची पोती रस्त्याकडेच्या काटेरी झुडपात सापडली. पोलिसांनी पिकअप सरळ केली तेव्हा मागच्या डाव्या चाकावरचा स्प्रिंगचा कमानपाटा लोंबकळत होता. पाट्याचं ब्रॅकेट ज्या सांध्याने चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेलं होतं, तो सांधाच सुटला होता. पाटा सुटल्यावर मागचा धुरा तिरका झाला असावा, आणि मग वळणावर स्टिअरिंगला काही अर्थ उरला नसावा.

ती पिकअप दारिओ आणि त्याचे वडील बेलार्मिनो यांनी घरीच उभी केली होती. बेलार्मिनो तेलाच्या पाइपलाइनवर आयुष्यभर वेल्डर होते. उघड्या माळरानावर, हातात रॉड धरून जोडकाम करणारे. समुद्राच्या खाऱ्या हवेने खाल्लेली ती गाडी दारिओने आणली तेव्हा आधी वेल्डिंगचं मशीन घ्यावं लागलं, आणि त्यावरून बापलेकांत जे झालं ते दुकानदार आबेलार्दोला अजून पाठ आहे.

"पत्र्यासाठी घेताय की चॅसिससाठी?" त्याने विचारलं होतं.

"दोन्हीसाठी," दारिओ म्हणाला.

"दोन्हीसाठी एकच मशीन म्हणजे लग्नाला आणि मयताला एकच शर्ट," बेलार्मिनो म्हणाले. "माझं रॉडचं मशीन आहे की घरी."

"पत्र्यावर रॉड लावला की भोक पडतं, बाबा. मागच्या दाराला तुम्ही पाडलंत ना, कोंबडी जाईल त्यातून."

"कोंबडी जाईल, पण सांधा नाही जाणार."

आबेलार्दोने मधला मार्ग सुचवला. बिनगॅसची तार घ्या. तिच्या पोटात पावडर असते, तीच वितळलेल्या लोखंडाला झाकते. आपल्याकडच्या वाऱ्यात गॅस टिकत नाही. दारिओला ते पटलं नाही. त्या तारेने ठिणग्या फार उडतात, सांधा खडबडीत होतो, पातळ पत्रा जळतो. त्याला गॅसचं मिग मशीन हवं होतं. बटण दाबलं की तार आपोआप पुढे येते, नळीतून गॅस सुटतो आणि हवेला दूर ठेवतो.

"शेडमध्ये काम करणार आम्ही. तिथे कुठला आलाय वारा?" तो म्हणाला.

"घे तुझा डिंक," बेलार्मिनो म्हणाले. तारेच्या वेल्डिंगला ते कायम डिंकच म्हणत.

मशीन आलं आणि वाटणी ठरली. पत्रा दारिओचा, तारेने. चॅसिस बेलार्मिनोंचं, रॉडने. वस्तीत सगळ्यांना ही वाटणी माहीत होती, कारण ओयार्सोंच्या शेडसमोर उभं राहून बापलेकांची टोमणेबाजी ऐकणं ही त्या हिवाळ्यात लोकांची करमणूकच होती. दारिओ आपले सांधे ग्राइंडरने घासून गुळगुळीत करी. "मढ्याला पावडर लावतोय," असं बेलार्मिनो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. स्वतःचा सांधा त्यांनी कधी घासला नाही. ज्याला बघायचाय त्याने बघावा, असं त्यांचं म्हणणं.

शेड मात्र पिकअपला पुरत नव्हती. नाक भिंतीला टेकवलं तरी मागचा भाग दाराबाहेर राही. त्यावर ताडपत्री बांधलेली असे. मागची ब्रॅकेट बसवायची होती ती नेमकी तिथेच.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी सरकारी वकील लुक्रेसिया आन्तिएको यांनी सुटलेला तुकडा कापून तपासणीला पाठवला. पहिला अहवाल छोटा होता. सांधा तारेचा आहे. आत बुडबुडे आहेत, बरेच. वरून घासून डांबरी काळा रंग दिलेला आहे. वितळलेल्या लोखंडापर्यंत हवा पोहोचली की असे बुडबुडे राहतात आणि सांधा कच्चा होतो. त्याच अहवालात पुढे होतं की बाकीची तीन ब्रॅकेट रॉडची आहेत आणि शाबूत आहेत.

तार आणि ग्राइंडर. वस्तीला आणखी काही नको होतं. दारिओने बापाला न विचारता चॅसिसला हात घातला, एवढंच त्यातून निघत होतं. तो जगला तर उलिसेसच्या मृत्यूचा खटला त्याच्यावर चालणार.

त्याच दुपारी बेलार्मिनो आन्तिएकोंच्या कार्यालयात गेले. बरोबर मुलगी मिर्ता होती.

"तो सांधा माझा आहे," ते म्हणाले.

"तारेचा आहे, साहेब," आन्तिएको म्हणाल्या.

"माहीत आहे. तारेनेच मारला मी."

"तुम्ही तर तारेला डिंक म्हणता, असं मला आत्तापर्यंत निदान सहा जणांनी सांगितलंय."

"म्हणतो. लिहा, माझा आहे."

त्यांनी जबाब दिला तो असा. तीन ब्रॅकेट बसवून झाली होती. चौथ्याच्या वेळी हात थरथरू लागला. रॉड लोखंडाला चिकटे, ओढला की विझे. दारिओ कामावर गेला होता. मशीन तिथेच होतं. तारेला ठिणगी पाडावी लागत नाही, बटण दाबलं की झालं, आणि दुसरा हात खाली टेकवता येतो. सांधा दिसायला चांगला आला. पण दारिओने तो बघितला असता तर तारेचा आहे हे लगेच ओळखलं असतं. म्हणून घासला आणि रंग दिला.

"आणि वारा?" आन्तिएकोंनी विचारलं.

"त्या दिवशी वारा नव्हता."

आन्तिएको स्वतः इथल्याच. या गावात वारा नाही याचा अर्थ काय होतो हे त्यांना सांगावं लागलं नाही. पत्रे उडत नाहीत, माणूस सरळ चालू शकतो, ताडपत्री नुसती फडफडतेय, म्हणजे वारा नाही. रॉडला तेवढ्याने काही होत नाही. रॉडचं आवरण वितळून सांध्यावर खपली धरतं आणि तिच्याखाली लोखंड सुरक्षित राहतं. आयुष्यभर रॉड धरलेल्या माणसाला दाराशी फडफडणारी ताडपत्री ऐकूसुद्धा आली नसेल. गॅस मात्र तेवढ्याने निघून जातो.

आन्तिएकोंनी जबाब लिहून घेतला. नंतर मिर्ताला बाहेर गाठून विचारलं, "हात खरंच थरथरतो?"

मिर्ता म्हणाली, "घरात मातेचा कडू चहा कायम बाबाच ओतायचे. गरम पाण्याची किटली दुसऱ्याला धरू देत नसत. शिशिरापासून मी ओततेय. का, ते मी विचारलं नाही."

"हे तुम्ही भावासाठी तर सांगत नाही ना?"

"मी कोणासाठी सांगू, बाई? एक भाऊ आहे आणि एक बाप."

जबाबावर कोणाचा विश्वास बसला नाही. बेलार्मिनो ओयार्सो तारेला हात लावेल आणि वर सांधा घासेल, हे आबेलार्दोने तर हसण्यावारी नेलं. "पोराला वाचवतोय. मीही हेच केलं असतं," तो म्हणाला.

उलिसेसची आई देल्फिना दोन घरं सोडून राहते. दफन झाल्यावर ती ओयार्सोंच्या फाटकाशी आली. आत यायला नाही म्हणाली.

"ओयार्सो, पोराला वाचवताय ना?"

"नाही, वहिनी. माझाच हात आहे तो."

"माझा जिवंत असता तर मीपण खोटं बोलले असते. देवाशप्पथ बोलले असते. म्हणून विचारतेय."

"मी खरं बोलतोय."

"मग आधी का नाही बोललात? उलिसेस त्या गाडीत रोज बसत होता. तुमच्यासमोर बसत होता. तुम्ही म्हणायचात, सावकाश जा रे."

बेलार्मिनोंनी फाटकाची कडी धरली होती. ती खडखड वाजत होती. देल्फिनाने त्या हाताकडे पाहिलं. "हे मला नका दाखवू," असं म्हणून ती गेली.

बेलार्मिनोंनी मग स्वतःच मागणी केली की आपली परीक्षा घ्यावी. पुढच्या आठवड्यात आन्तिएको एका तज्ज्ञाला घेऊन शेडवर आल्या. तशाच जाडीची पट्टी दाराशी ठेवली. ताडपत्री फडफडत होती. बेलार्मिनोंनी आधी रॉड घेतला. तो चिकटला. तोडून पुन्हा लावला, पुन्हा चिकटला. तिसऱ्या वेळी त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं, तरी ठिणगी टिकली नाही. फाटकाबाहेर माणसं जमली होती. त्यातल्या काहींनी त्यांच्याच हाताखाली पाइपलाइनवर काम शिकलेलं होतं. 

मग तार. सांधा सरळ आला, अगदी नीट.

तज्ज्ञाने पट्टी पिशवीत घातली. आत बुडबुडे असले तर काय सिद्ध होईल, असं आन्तिएकोंनी त्याला विचारलं. "एवढंच की इथे दाराशी तारेचं काम कोणीही केलं तरी असंच होईल," तो म्हणाला. "आणि थरथर मुद्दामही आणता येते. त्यासाठी डॉक्टर हवा, वेल्डर नाही."

बेलार्मिनो हे ऐकत होते. हातमोजे काढून ते आत गेले.

शनिवारी दुपारी दारिओ शुद्धीवर आला. उलिसेस गेल्याचं त्याला मिर्ताने सांगितलं, कारण इतर कोणी सांगण्याआधी तिला ते सांगायचं होतं. वडिलांच्या जबाबाबद्दल ती काही बोलली नाही, असं तिचं म्हणणं आहे. पण रविवारी दिवसभर त्या खोलीत माणसांची ये-जा होती.

सोमवारी आन्तिएको खाटेशी बसल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला. मागचं डावं ब्रॅकेट कोणी जोडलं?

"मी," दारिओ म्हणाला.

कधी, ते त्याला आठवत नव्हतं. दार उघडं होतं का, तेही नाही. आणखी विचारल्यावर त्याने डोळे मिटले. डॉक्टरांनी भेट थांबवली.

आता आन्तिएकोंकडे एकाच सांध्यासाठी दोन कबुल्या आहेत. बेलार्मिनोंची डॉक्टरी तपासणी गुरुवारी आहे. पट्टीचा अहवाल आलेला नाही.