गारगोटीला लावलेलं कुंकू

मी गारगोटी बोलतेय, बंदुकीतली. ठासणीच्या जुन्या बंदुकीच्या घोड्याला जबडा असतो. त्यात चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून मला आवळतात. चाप ओढला की मी पोलादी पट्टीवर आदळते, ठिणग्या पाडते, खालच्या वाटीतली दारू पेटते आणि बार उडतो. त्यासाठी मला धार हवी आणि अंग स्वच्छ, कोरडं हवं. ओशट अंगानं माझ्याच्यानं काही व्हायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

मला घडवलं अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या वॉल्टनं. कारखान्यातून रिटायर झालेला म्हातारा. प्रत्येक बारानंतर माझी काजळी फडक्यानं पुसायचा. धार बोथटली की छोट्या हातोडीनं टवके काढायचा. मला ते आवडायचं. स्वस्थ बसणं माझ्या जातीत नाही.

शेजारच्या प्रताप मोहितेला, गाड्यांच्या कंपनीतल्या इंजिनिअरला, वॉल्टनंच बंदूक शिकवली. २००४ च्या उन्हाळ्यात वॉल्ट गेला. जाताना बायकोला, डोरोथीला, म्हणाला, ‘बंदूक क्लबच्या ऑक्टोबरच्या मेळ्यात माझ्या बंदुकीचा एक बार प्रतापनं काढावा.’ नुसत्या दारूचा, गोळी नाही. डोरोथीनं बंदूक प्रतापच्या हाती दिली. “एवढंच मागून गेलाय तो.”

मेळ्याच्या आदल्या दिवशी नेमकी खंडेनवमी आली, आणि प्रतापच्या साताऱ्याहून आलेल्या आई, अहिल्याबाई, ताम्हन घेऊन उठल्या. गाडीला कुंकू, लॅपटॉपला कुंकू, बर्फ उडवायच्या मशीनलासुद्धा कुंकू! मग माझ्याकडे वळल्या. खोबरेल तेलाचं बोट माझ्यावर आणि पोलादी पट्टीवर फिरवलं, वर हळदकुंकू. माझा जीव नुसता कासावीस.

“आई, हिला तेल चालत नाही गं! पुसावं लागेल.”

“नवमीचं कुंकू पुसतोस? हात तर लावून बघ!”

“अगं, उद्या मिसफायर होईल.”

“आपल्या घरातली तलवार तेलावरच टिकलीय.”

“तलवारीला ठिणगी पाडायची नसते, आई!”

“मला शिकव आता!”

प्रताप ऑफिसात दहा जणांना हलवतो म्हणे. घरी एक फडकं हलवलं नाही त्यानं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर डोरोथी फोल्डिंगच्या खुर्चीत बसलेली, मांडीवर वॉल्टची टोपी. प्रतापनं बंदूक उचलली. खट्! काही नाही. पुन्हा खट्! क्लबमधला एकजण म्हणाला, “राहू दे, माझी बंदूक घे.” डोरोथीनं टोपीत तोंड लपवलं. मी जबड्यात चडफडत होते. अरे, दुसऱ्याची कशाला? पुसा मला!

“ती का रडते रे?” अहिल्याबाईंनी विचारलं.

प्रतापनं सांगितलं. वॉल्टचं मागणं, तेल, सगळं.

“मग काल हे बोलला नाहीस ते? आण इकडे.”

“आई, नवमीचं कुंकू...”

“माझं पुसलं तेव्हा मला विचारलं होतं कुणी? आणि या बाईच्या नवऱ्याचा शेवटचा शब्द माझ्या बोटभर तेलासाठी अडायचा?”

प्रतापनं नळी मोकळ्या रानाकडे धरली, वाटीतली दारू झटकून टाकली. डोरोथीला एक शब्दही कळला नव्हता, पण तिनं वॉल्टच्या पेटीतली स्पिरिटची बाटली पुढे केली. अहिल्याबाईंनी पदराचं टोक भिजवलं आणि मला आणि पट्टीला खसाखसा घासलं. काय तो हात! वॉल्टसुद्धा इतकं जोरात पुसत नसे. मग कोरड्या टोकानं पुन्हा एकदा.

नवी दारू. चाप. धडाम!

धुरातून डोरोथी उठली आणि तिनं अहिल्याबाईंचा तो कुंकवानं माखलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला. दोघी आपापल्या भाषेत एकदमच बोलत होत्या.

आता मी झिजून नखाएवढी उरलेय. प्रताप मला काढून आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणतोय. खबरदार! आठवण ठेवायची असेल तर वॉल्टची ठेव. माझ्यात अजून चार ठिणग्या आहेत. हातोडी घे, टवका काढ, पुसून कोरडी कर आणि आवळ पुन्हा जबड्यात.