बाईंचे थंड तारे

ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या बाई गेल्याची बातमी वेधशाळेत आली, त्या सकाळी माझ्यावरचे कापड कोणी काढले नाही. वेधशाळेचे प्रमुख साहेब जिन्यातच खाली बसले. बाईंचे यजमान, म्हणजे आमचे फिटर, काही दिवसांनी कामावर आले आणि माझे स्क्रू तपासू लागले.

मित्रांनो, मी एक जुना ध्रुवणमापक आहे. दुर्बिणीच्या टोकाला बसून मी ताऱ्याच्या प्रकाशातला पीळ मोजतो. तारा चुंबकीय असेल, तर त्याच्या प्रकाशाला किंचित पीळ पडतो. माझे धड फिटरांनी लेथवर घडवले, काचा बाईंनी बसवल्या. दोघे माझ्यावरून जेवढे भांडले, तेवढे संसारावरून भांडले नसतील.

माझ्या काचांनाही स्वतःचा थोडा खोटा पीळ आहे. म्हणून बाई प्रत्येक तारा दोनदा मोजत. मधली काच पाव फेरा वळवली की ताऱ्याचा पीळ उलटा दिसतो, माझा तसाच राहतो. वजाबाकी केली की माझा खोटेपणा निघून जातो. कितीही घाई असली तरी त्यांनी ही रीत मोडली नाही. माझ्यावर त्यांचा जीव होता, आंधळा विश्वास नव्हता.

त्यांचा ध्यास होता श्वेत बटू ताऱ्यांचा. सूर्यासारखा तारा जळून संपला की पृथ्वीएवढा, भयंकर दाट गोळा मागे उरतो. अशा काहींत प्रचंड चुंबकत्व असते. ते येते कुठून? कोणी म्हणे, ते जन्माचेच. तारा आकसला तसे दाटले. कोणी म्हणे, दोन तारे एकमेकांत मिसळले की त्या घुसळणीतून येते. बाईंना वेगळाच संशय होता. तारा निवताना आतून गोठत जातो. तेव्हा वरच्या, अजून न गोठलेल्या पातळ भागात घुसळण होते, तिच्यातून तर नसेल?

इतर लोक ठळक तारे मोजत, कारण ते झटपट होतात. पण ठळक ते बहुतेक तरुण. म्हातारे, म्हणजे निवलेले, मंद आणि वेळखाऊ, म्हणून मागे पडत. विझल्या निखाऱ्यांवर दुर्बीण कशाला अडकवता, असे साहेबांनी एकदा चहाच्या वेळी विचारले.

"नुसत्या तरण्यांनाच विचारलं, तर म्हातारपणाचं कळणार कसं, साहेब?" बाई म्हणाल्या.

मग त्यांनी आपल्या सूर्याच्या शेजारचे श्वेत बटू एकही न वगळता मोजायला घेतले. वर्षे गेली. तरुणांत चुंबकत्व क्वचित निघाले, निवलेल्यांत वरचेवर. हे आकड्यांत दिसले त्या दिवशी बाई फिटरांना म्हणाल्या, "अहो, ओढ उतारवयातच वाढते. तुमच्याकडे बघून आधीच कळायला हवं होतं." फिटर लाजून लेथकडे वळले.

मात्र काही ताऱ्यांत गोठणे सुरू होण्याआधीच चुंबकत्व सापडले. हे त्यांच्या संशयाविरुद्ध जात होते, पण बाईंनी तेही लपवले नाही. सगळे शेजारी मोजून झाल्याशिवाय बोलायचे नाही, एवढेच त्या म्हणत.

आता नवे यंत्र यायचे आहे. मला कोठीत टाकायचे ठरत होते. फिटर साहेबांपुढे उभे राहिले.

"तिचे राहिलेले तारे होऊ द्या. मग मला नि ह्याला बरोबरच काढा."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

मित्रांनो, जुन्या यंत्राची काच मऊ कापडाने पुसा, बोट लावू नका. त्याच्याकडे काम आहे का, ते आधी विचारा. माझ्याकडे आहे. क्षितिजालगतचे काही मंद तारे अजून मोजायचे राहिले आहेत.